हाराकिरी : एका शब्दाच्या पोटात



आपल्या मराठी वर्तमानपत्रांना काही परदेशी शब्द फार लाडके आहेत. 'हाराकिरी' हा त्यांतलाच एक. आपला संघ तीन बाद दोनशेवरून सर्वबाद दोनशे चाळीस झाला, की दुसऱ्या दिवशी क्रीडापानावरचा मथळा ठरलेला असतो, 'फलंदाजांची हाराकिरी'. एखाद्या पुढाऱ्यानं हातची जागा घालवली, की ती 'राजकीय हाराकिरी'. बी.ए. झाल्यावर मी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो, तेव्हा या शब्दाची आणि माझी रोजची गाठ पडू लागली. कुणी 'हाराकिरी' लिहायचं, कुणी 'हाराकीरी', कुणी 'हरीकिरी'ही. एका रात्री मी मोठ्या अधिकारानं दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर उपसंपादक बसायचे. त्यांनी विचारलं, "वेलांटी कळली, अर्थ काय?"

मी म्हटलं, "आत्महत्या."

"मग आत्महत्याच का लिहीत नाहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. ते चहा प्यायला निघून गेले आणि बहुधा विसरूनही गेले. मी मात्र पुढची कित्येक वर्षं त्या प्रश्नाभोवती फिरत राहिलो. आज तुमच्याशी जे बोलणार आहे, ते त्या फिरण्यातून हाती लागलेलं आहे.

आधी शब्दच पाहू. 'हारा' म्हणजे पोट आणि 'किरी' म्हणजे कापणं. पण जपानात हा झाला बोलीतला, रोजच्या तोंडचा शब्द. हीच दोन चित्राक्षरं उलट्या क्रमानं लिहायची आणि चिनी वळणाच्या उच्चारानं वाचायची, की शब्द होतो 'सेप्पुकू'. सरकारी कागदात, दरबारी हुकमात, इतिहासग्रंथात येतो तो हा शब्द. आपल्याकडे घरी 'जेवण' असतं आणि निमंत्रणपत्रिकेत 'भोजन' असतं, तसंच हे. परदेशी लोकांनी मात्र बोलीतलाच शब्द उचलला आणि जगभर नेला.

पण पोटच का? गळा आहे, छाती आहे. लढवय्या माणसाला लवकर मरण्याचे मार्ग काय कमी ठाऊक असतात? पोट कापून माणूस लवकर मरत नाही. तरीही पोटच. परक्यांना हे समजावून देताना जपानी लेखकांना बरेच कष्ट पडले. इनाझो नितोबे या गृहस्थांनी १९०० साली 'बुशिदो' नावाचं पुस्तक थेट इंग्रजीत लिहिलं, त्यात एक सबंध प्रकरण यावर खर्ची घातलं. मराठी माणसाला मात्र हे फारसं समजावून सांगावं लागू नये. आपल्या 'पोटात एक, ओठात एक' असतं. दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या 'पोटात दुखतं'. आपण देवाला 'अपराध पोटात घाल' म्हणतो, आणि न राहवून बोललो की 'पोटातलं ओठावर येतं'. जपानी भाषेतही असंच. मनमोकळं बोलणं म्हणजे 'पोट फाडणं'. राग येणं म्हणजे 'पोट उभं राहणं'. कपटी माणूस 'काळ्या पोटाचा', उदार माणूस 'जाड पोटाचा', आणि एखादा निश्चय करायचा तर 'पोट ठरवायचं'. खरा माणूस पोटात राहतो, अशी ही समजूत. मग माझ्यावर आळ आला असेल, माझ्या निष्ठेविषयी शंका घेतली गेली असेल, तर मी ते पोटच उघडं करून दाखवतो, पाहा आत काही काळं आहे का, असा त्या कृतीचा अर्थ. आत्महत्या या शब्दात हे दाखवणं येत नाही. म्हणजे त्या उपसंपादकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं मिळालं. उरलेलं निम्मं उत्तर मला बरंच महागात पडलं.

या प्रथेच्या आरंभीच्या थोर उदाहरणांत ११८० सालातलं मिनामोतो नो योरिमासा यांचं नाव घेतात. हे योद्धे तर होतेच, पण नावाजलेले कवीही होते. वय सत्तरीच्या पुढचं. तायरा घराण्याविरुद्ध उठाव केला, तो फसला, आणि उजी नदीकाठच्या ब्योदोइन मंदिरापाशी ते कोंडले गेले. मुलगे शत्रूला थोपवून धरत होते. तेवढ्या अवधीत म्हाताऱ्यानं घडीच्या पंख्यावर अखेरची कविता लिहिली आणि पोटात शस्त्र घातलं, अशी कथा आहे. त्या मंदिराच्या आवारात पंख्याच्या आकाराचा हिरवळीचा एक तुकडा अजून राखलेला आहे. ती जागा हीच, असं म्हणतात.

आता श्रोतेहो, बावीस-तेवीस वर्षांच्या एखाद्या कवीला ही गोष्ट सांगून पाहा! मी तर पुरता विरघळलो. शत्रू दाराशी आलेला आणि हा माणूस शांतपणे शब्द जुळवतो आहे. अशा अखेरच्या कवितेला 'जिसेई' म्हणतात आणि त्यांची मोठी परंपराच जपानात आहे. मी लगेच योरिमासांवर एक कविता लिहिली. ती एका दिवाळी अंकात आली. दोन-तीन संमेलनांत मी ती म्हटली आणि दादही बरी मिळाली. मरणाचं इतकं सुबक चित्र लोकांना आवडतं, हे मला तेव्हा कळलं. त्याची भीती वाटायला हवी होती, हे कळलं नाही.

त्यानंतर वर्षभरात आमच्या गल्लीतले एक शिंपी गेले. त्यांचं नाव सांगत नाही, आम्ही त्यांना मास्तरचाचा म्हणत असू. कर्ज झालेलं होतं. सावकाराचा माणूस भर बाजारात त्यांना चार शब्द बोलून गेला आणि त्याच रात्री त्यांनी स्वतःला संपवलं. आमच्याकडे, म्हणजे इस्लाममध्ये, हे मोठं पाप. देणाऱ्यानं दिलेला जीव परत मागण्याचा हक्क त्याचा एकट्याचा, असं लहानपणापासून ऐकलेलं. जनाजा मशिदीत आला तेव्हा कुजबुज सुरू झाली, नमाज कुणी पढवायची? जुना पायंडा असा, की अशा वेळी पेशइमाम पुढे होत नाहीत. पण नमाज टळत नाही, ती दुसऱ्या कुणी पढवायची. आमचे पेशइमामसाहेब मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि माझे अब्बा पुढे झाले. अब्बा मास्तरचाचांचे मित्र होते, मौलवी नव्हते. त्यांचा आवाज मी तसा कापताना त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पण आज सांगायची गोष्ट ती नाही. कबरस्तानातून परत येताना मी लोकांचं बोलणं ऐकत होतो. "इज्जतदार माणूस. इज्जतीपायी गेला." हे म्हणताना आवाजात दुःख होतं, आणि त्या दुःखाच्या तळाशी किंचित कौतुकही होतं. ते मला ओळखीचं वाटलं. माझ्या कवितेत तेच होतं. घरी अम्मीला मी ते सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जानेवाला गया इज्जत लेके. पिच्छे वालों कू क्या रखा?" मागे बायको होती, दोन लहान मुलं होती, आणि कर्ज होतं तेवढंच होतं. आमच्या दैनिकात बातमी आली ती तीन ओळींची. कर्जाला कंटाळून एकाची आत्महत्या. तिचं प्रूफ माझ्याच हातून गेलं. त्याच अंकात क्रीडापानावर कुणाची तरी हाराकिरी होती.

त्या दिवसापासून मी ही कविता पुन्हा म्हटलेली नाही. पुढे वाचन केलं, ते मात्र निराळ्या नजरेनं केलं.

याच सुमारास आमच्या जिल्ह्याच्या गावी फिल्म सोसायटीनं मासाकी कोबायाशी यांचा १९६२ सालचा चित्रपट दाखवला. जपानात त्याचं नाव 'सेप्पुकू', बाहेर 'हाराकिरी'. काळ १६३० चा. युद्धं संपलेली आहेत आणि शोगुनांच्या कारभारानं अनेक सरदारघराणी मोडीत काढल्यामुळे हजारो सामुराई निर्धन, बेकार होऊन हिंडताहेत. असा एक तरुण एका मोठ्या सरदाराच्या वाड्यावर येतो आणि म्हणतो, जगण्यात अर्थ नाही, तुमच्या अंगणात मला सन्मानानं पोट चिरू द्या. मनात आशा अशी, की हे लोक दया येऊन चार नाणी देतील आणि वाटेला लावतील. वाड्यावरचे लोक ठरवतात, याला धडा शिकवायचा. कर म्हणतात. आणि त्याच्या म्यानातून निघते बांबूची तलवार, कारण खरी त्यानं आजारी बायको-मुलासाठी कधीच विकलेली असते. त्या बांबूनंच त्याला मरायला लावतात. नंतर त्याचा सासरा त्याच अंगणात येऊन बसतो आणि जाब विचारतो. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. पण शेवट सांगायलाच हवा. एवढं रक्त सांडतं आणि वाड्याच्या रोजनिशीत नोंद होते ती अशी, की घराण्याच्या इज्जतीला कुठेही धक्का लागलेला नाही.

मी त्या लाकडी खुर्चीत बसलो होतो आणि मला मास्तरचाचांचं शिवणयंत्र दिसत होतं.

तेव्हापासून या इतिहासातली कुठलीही गोष्ट वाचली, की मी दोन-तीन प्रश्न विचारतो. मरायला कुणी सांगितलं? पाहत कोण होतं? आणि सौदा काय होता? सौदा शब्द कानाला खटकेल, पण उदाहरणं तशीच आहेत.

१५८२ साली हिदेयोशी या सेनापतीनं ताकामात्सुच्या किल्ल्याला वेढा घातला. बांध घालून नदीचं पाणी फिरवलं आणि किल्ल्याचं बेट करून टाकलं. आत किल्लेदार शिमिझु मुनेहारू आणि उपाशी माणसं. तेवढ्यात हिदेयोशीला खबर लागली, की तिकडे क्योतोमध्ये त्याचा धनी नोबुनागा दगाफटक्यानं मारला गेला. त्याला तातडीनं परतायचं होतं. त्यानं ती खबर दाबून ठेवली आणि अट घातली : किल्लेदारानं प्राण द्यावा, बाकीच्यांना अभय. मुनेहारू छोट्या नावेतून त्या पाण्यावर आला आणि दोन्ही सैन्यांच्या देखत त्यानं पोट चिरलं. त्याच्या शौर्याचं हिदेयोशीनंही कौतुक केलं, आणि लगोलग तळ हलवला. शिपायांचे जीव वाचले हे खरंच, आणि मुनेहारूला मी लहान करत नाही. पण समोरचा माणूस किती घाईत आहे, हे त्याला ठाऊक असतं तर? दोन दिवस कळ काढली असती तर? पोट उघडं करून दाखवणारा एकटा मुनेहारूच होता, दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते त्याला कुणी दाखवलं नाही.

याच हिदेयोशीनं पुढे १५९१ साली सेन नो रिक्यू यांना मरायचा हुकूम केला. जपानी चहापानविधीला ज्यांनी आजचं साधं, शांत रूप दिलं ते हे रिक्यू, वय सत्तरच्या घरातलं. का केला, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

युद्धं चालू होती तोवर या प्रथेला काहीएक व्यवहारी कारण तरी होतं. जिवंत सापडलं तर विटंबना, त्यापेक्षा हे बरं. १६०० नंतर तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत अडीचशे वर्षं मोठी लढाई जवळपास झालीच नाही. गंमत अशी, की या प्रथेचे कायदेकानू, पोशाख, बैठक, साक्षीदार हे सारं याच शांततेच्या काळात पक्कं झालं. पांढरी वस्त्रं, पांढऱ्या चादरीचं आसन, लाकडी तबकात कागदात गुंडाळलेलं आखूड शस्त्र, आणि मागे उभा 'काइशाकू', म्हणजे एकाच घावात मान उतरवून यातना थांबवणारा सहायक. हा बहुधा मित्र, शिष्य किंवा नातलग असे. पुढे पुढे तर तबकात शस्त्राऐवजी घडीचा पंखा ठेवू लागले. माणसानं पंख्याकडे हात नेला, की मागून घाव. योरिमासांचा पंखा असा परत आला! नाव सेप्पुकूच, पण कोणत्याही सरळ भाषेत त्याला शिरच्छेद म्हणतील.

कारण आता ती मुख्यतः शिक्षा होती. शेतकऱ्यानं, व्यापाऱ्यानं गुन्हा केला तर त्याला सुळावर चढवत, त्याचं डोकं वेशीवर मांडत. सामुराईला मात्र 'स्वतः मरण्याची' सवलत मिळे आणि त्यामुळे अनेकदा घराण्याचं नाव राही. सत्तेचंही काम सोपं होई, कारण दंड देणारा हात दिसतच नसे. दिसे तो मरणाऱ्याचा सन्मान.

सत्तेचाळीस रोनिनांची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १७०१ साली एदोच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या तोक्योत, आसानो या तरुण सरदारानं किरा नावाच्या दरबारी मानकऱ्यावर तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला सेप्पुकूचा हुकूम झाला. त्याचे निराधार झालेले शिपाई पावणेदोन वर्षं दबा धरून राहिले आणि एका हिवाळी रात्री त्यांनी किराचं डोकं आणून धन्याच्या थडग्यापुढं ठेवलं. आता सरकारची पंचाईत झाली. निष्ठा शिकवली तीच यांनी पाळली, पण कायदा मोडला. बराच खल होऊन १७०३ साली शेहेचाळीस जणांना सेप्पुकू फर्मावली गेली. त्यांच्यात म्होरक्याचा, ओइशीचा, मुलगाही होता, जपानी मोजणीनं सोळा वर्षांचा. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १७४८ साली त्यांच्यावरचं 'चुशिंगुरा' हे बाहुल्यांचं नाटक आलं आणि ते आजतागायत रंगमंचावरून उतरलेलं नाही. तोक्योतल्या सेंगाकुजी मंदिरात त्यांच्या थडग्यांपुढं अजून उदबत्त्या जळतात. या कथेपुढं मीही नमतो, पण ते सोळा वर्षांचं पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

धनी मेला की मागोमाग सेवकानंही मरायचं, अशीही एक रीत होती. तिला 'जुन्शी' म्हणत. तिचा अतिरेक इतका झाला, की १६६३ साली शोगुनांनाच तिच्यावर बंदी घालावी लागली. या बंदीतून एक विलक्षण पुस्तक निघालं. यामामोतो त्सुनेतोमो नावाचा सामुराई, १७०० साली त्याचा धनी वारला. याला मागोमाग मरायचं होतं, पण बंदी आड आली. मग तो भिक्षू झाला, डोंगरात झोपडी बांधून राहिला आणि एका तरुणापाशी सामुराईचा खरा धर्म म्हणजे मरण, असं वर्षानुवर्षं बोलत राहिला. ते बोलणं म्हणजे 'हागाकुरे'. मरणाची सर्वांत मोठी तरफदारी करणारा हा माणूस १७१९ मध्ये साध्या मरणानं गेला. पुढे दोनशे वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात ते पुस्तक तरुण सैनिकांच्या हातात दिलं गेलं.

या जुन्शीचं पोट खऱ्या अर्थानं फाडून दाखवलं ते कादंबरीकार मोरी ओगाई यांनी, १९१३ च्या 'आबे घराणं' या कथेत. काळ १६४१. कुमामोतोचा सरदार मरणशय्येवर आहे आणि सेवक एकेक करून त्याच्याकडे मरणाची परवानगी मागताहेत. अठरा जणांना मिळते. सतरा वर्षांचा एक मुलगा मनाशी हिशेब करतो, की मी मेलो तर आई, बायको, भाऊ यांचं पुढचं निभावेल, आणि न मेलो तर भेकडाचं घर म्हणून त्यांना जगणं मुश्किल होईल. आबे याइचिएमोन या प्रामाणिक पण धन्याला नावडत्या माणसाला मात्र परवानगी मिळत नाही. हुकमाप्रमाणे तो जगतो, तर लोक टोमणे मारतात. शेवटी तो परवानगीवाचून मरतो, तर हुकूम मोडला म्हणून घराण्याचा दर्जा उतरतो, आणि त्या अपमानातून सगळं घराणं नष्ट होतं. ओगाई कुठंही आवाज चढवत नाहीत. डॉक्टर होते, लष्करात शल्यचिकित्सक होते. पोटात काय असतं हे त्यांना निराळ्या अर्थानंही ठाऊक होतं.

परदेशी माणसानं ही शिक्षा पाहून लिहिलेलं सविस्तर वर्णन आहे १८६८ सालचं. कोबे बंदरात बिझेनच्या सैनिकांनी परदेशी लोकांवर गोळ्या झाडल्या. एकही परदेशी मेला नव्हता, पण दूतावासांनी शिक्षेचा आग्रह धरला. हुकूम देणारा अधिकारी ताकी झेन्झाबुरो, वय बत्तीस. रात्री मंदिराच्या दालनात, मेणबत्त्यांच्या उजेडात, सात परदेशी साक्षीदारांपुढं तो आला. गोळीबाराचा हुकूम माझाच होता, असं सांगितलं आणि साक्षीदारांना विनंती केली, की आपण पाहण्याची कृपा करावी. देह मागे कलंडू नये म्हणून बाह्या गुडघ्यांखाली दाबल्या. काइशाकू त्याचाच शिष्य होता. हे लिहिणारा मिटफर्ड हा इंग्रज अधिकारी अखेरीस थक्क होऊन नमतो. त्याचं वर्णन जगभर गाजलं आणि सेप्पुकूची पाश्चात्त्य मोहिनी बरीचशी तिथूनच सुरू झाली. पण दयेचा प्रश्न त्या आधी परदेशी प्रतिनिधींपुढं आला होता, त्यांनी बराच खल केला आणि शिक्षा कायम ठेवली, हेही त्याच वर्णनात आहे. ते सहसा कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी साकाई बंदरात तोसाच्या सैनिकांनी अकरा फ्रेंच खलाशी मारले. वीस जणांना सेप्पुकू फर्मावली. फ्रेंच कप्तान पाहायला बसला. अकरावा माणूस पडला आणि कप्तान उठला, पुरे म्हणाला. कुणी म्हणतं त्याला बघवेना, कुणी म्हणतं अकराला अकरा हिशेब पुरा झाला. उरलेले नऊ जगले.

१८६९ साली नव्या राजवटीच्या सभेत ओनो सेइगोरो नावाच्या सभासदानं ही प्रथा बंद करावी असा ठराव मांडला. सभासद दोनशे नऊ. ठरावाविरुद्ध दोनशे, बाजूनं तीन, आणि सहा जण गप्प. चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, सरकारनं शिक्षा म्हणून सेप्पुकू कायद्यातून काढूनच टाकली. दोनशेंचं मत इतक्या लवकर शिळं होईल, असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नसेल.

कायद्यातून गेली, मनातून गेली नाही. १३ सप्टेंबर १९१२. सम्राट मेइजींची अंत्ययात्रा निघाल्याची तोफ झाली आणि जनरल नोगी मारेसुके यांनी आपल्या घरी पोट चिरलं. पत्नी शिझुकोही त्यांच्याबरोबर गेल्या. नोगींच्या मृत्युपत्रात पस्तीस वर्षांपूर्वी, १८७७ च्या लढाईत, रेजिमेंटचा ध्वज शत्रूच्या हाती गेल्याचा उल्लेख होता. पोर्ट आर्थरच्या वेढ्यात त्यांच्या हाताखाली हजारो पोरं मेली होती, त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगेही त्या युद्धात गेले होते. जपान दुभंगला. कुणी डोळे पुसले, कुणाला तो जुनाट वेडेपणा वाटला. नात्सुमे सोसेकींची १९१४ ची 'कोकोरो' ही कादंबरी त्याच धक्क्यावर संपते. मला मात्र शिझुकोंविषयी वाचायला हवं असतं, आणि जे मिळतं ते पतीच्या निष्ठेची पुरवणी म्हणून मिळतं. आपल्याकडच्या सतीच्या कहाण्यांतही बाईचा आवाज असाच शोधावा लागतो.

मग १९४५. शरणागतीच्या पहाटे, १५ ऑगस्टला, युद्धमंत्री आनामी यांनी सेप्पुकू केली. दुसऱ्या दिवशी व्हाइस अॅडमिरल ओनिशी यांनी केली. आत्मघाती वैमानिकांची दलं उभारणारे ते हेच. काइशाकू नाकारला आणि तासन्‌तास तडफडले. मेलेल्या वैमानिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची क्षमा मागणारं पत्र त्यांनी मागे ठेवलं. पण ओकिनावात त्याआधी जे घडलं, त्याला कुठलंच तबक नव्हतं आणि पांढरी वस्त्रं नव्हती. शरण जाऊ नका, मरा, असं पढवलेल्या साध्या शेतकऱ्यांनी सैन्यानं वाटलेल्या हातबॉम्बनं, हाती लागेल त्यानं, स्वतःला आणि आपल्याच लेकरांना संपवलं. सरदारांच्या अंगणातली सुंदर रीत गावोगाव पोचली ती अशी.

आणि युकिओ मिशिमा. २५ नोव्हेंबर १९७० रोजी तोक्योच्या इचिगाया तळावर या पंचेचाळीस वर्षांच्या मोठ्या लेखकानं जनरलला खोलीत बांधून ठेवलं आणि सज्जातून सैनिकांना उठावाचं आवाहन केलं. खाली उभे सैनिक हुर्यो करू लागले. तो आत गेला आणि त्यानं पोट चिरलं. काइशाकू झालेल्या तरुण अनुयायाचा हात चुकला, पुन्हा चुकला. अखेर दुसऱ्यानं ते काम पुरं केलं, आणि मग तो पहिला तरुणही त्याच रीतीनं गेला. त्याचं नाव मोरिता, वय पंचवीस. मिशिमाविषयी शेकडो पुस्तकं आहेत. मोरिताचं नाव बहुतेकांना तळटीपेतच भेटतं.

मिशिमाचं गद्य मला आजही आवडतं, हे लपवून ठेवत नाही. योरिमासांचा पंखाही पुरता मनातून गेलेला नाही. पण ती कविता मी माझ्या कुठल्याही संग्रहात घेतली नाही.

मास्तरचाचांच्या बायकोनं शिवणयंत्रावर बसून सहा वर्षांत कर्ज फेडलं. माझ्या मुलीचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. त्यांना इज्जतदार म्हणताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही.

मी अजूनही अधूनमधून प्रुफं पाहतो. क्रीडापानावर फलंदाजांची हाराकिरी येते. माझं काम शुद्धलेखनाचं. वेलांटी ऱ्हस्व आहे ना, एवढं पाहतो आणि पान पुढे सोडतो.